माइकशिवायचा फ्लेमेंको : सेव्हिलची कासा दे ला मेमोरिया आणि आसपासच्या जागा

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या जुन्या भागात संध्याकाळी फ्लेमेंकोचे खेळ लावणाऱ्या जागा पावलोपावली आहेत. हॉटेलच्या काउंटरवर त्यांची पत्रकं पडलेली असतात आणि बहुतेकांवर चित्र एकच: लाल झगा, उंचावलेले हात, केसांत फूल. या चित्राच्या भरवशावर तिकीट काढू नये. फ्लेमेंकोत पहिला मान गाण्याचा. कान्ते म्हणजे गाणं, तोके म्हणजे गिटार, बाइले म्हणजे नाच, आणि जाणकार ही नावं बहुधा याच क्रमाने घेतात. नाचणारी व्यक्ती गाण्याला उत्तर देत असते. गाणं नीट ऐकू आलं नाही तर समोर उरतो तो नुसता पायांचा व्यायाम. म्हणून जागा निवडताना जेवणाची, सजावटीची, नर्तकींच्या संख्येची चौकशी नंतर करावी. आधी विचारायचं ते हे, की गायक प्रत्यक्ष मंचावर असतो का, आणि त्याचा आवाज थेट येतो की माइकमधून.

या कसोटीवर, पहिल्यांदाच फ्लेमेंको पाहणाऱ्याला बिनदिक्कत सुचवावी अशी जागा म्हणजे कासा दे ला मेमोरिया. पत्ता काय्ये कुना ६. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या 'लास सेतास' या लाकडी छत्र्यांपासून पाचेक मिनिटं चालत. लेब्रिहाच्या काउंटेसचा वाडा अगदी शेजारी आहे आणि खेळ होतो तो त्याच वाड्याच्या जुन्या पागांच्या जागेत. २०१२ मध्ये ही संस्था सांता क्रूस भागातून इथे आली. दालन लहान आहे. बुटका लाकडी मंच, त्याच्या समोर आणि बाजूंना खुर्च्या, वर एक सज्जा. खेळ साधारण तासाभराचा, आणि संध्याकाळी एकापेक्षा जास्त वेळा होतो. कलाकार बहुतेक वेळा चार: एक गायक किंवा गायिका, एक गिटारवादक, दोन नाचणारे. संच बदलत राहतो, त्यामुळे सोमवारी पाहिलेला खेळ गुरुवारी तसाच नसतो. जेवण नाही, टेबलं नाहीत, वेटरची ये-जा नाही. ध्वनिवर्धकही नाही.

ध्वनिवर्धक नसण्याने काय फरक पडतो ते नीट समजून घेण्यासारखं आहे. नाचाच्या बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे दाटीने ठोकलेले असतात. खाली पोकळी असलेल्या लाकडी फळ्यांवर त्यांचा आघात इतका मोठा होतो की त्याला कसल्याच मदतीची गरज नसते. मोठ्या सभागृहात मात्र मंचालाही माइक लावतात. मग पायांचा आवाज फुगतो, त्याच्या बरोबरीने गिटार वाढवावी लागते, गायकाला त्या दोघांच्या वर काढावं लागतं, आणि शेवटी सगळंच एका पातळीवर येऊन बसतं. फ्लेमेंकोतली ताकद आवाज एकदम खाली येण्यात आणि एकदम उसळण्यात असते. ते चढउतारच सपाट झाले तर तासभर नुसता दणदणाट ऐकून परतावं लागतं.

लहान दालनात हे उलट घडतं. नाचणाऱ्याला पाय आवरावे लागतात, कारण गायकाची ओळ त्याच्या पायांखाली दबली तर ती सगळ्यांना कळते. गिटारही या कामासाठी घडवलेली असते. जुन्या पद्धतीच्या फ्लेमेंको गिटारीच्या बाजू आणि पाठ सुरूच्या जातीच्या हलक्या लाकडाची असते, तारा पट्टीच्या अगदी जवळ बसवलेल्या असतात, त्यामुळे स्वर चटकन फुटतो आणि चटकन विझतो. रेंगाळणारा, गोड नाद इथे नको असतो. तारांखालच्या भागावर प्लास्टिकचा एक पातळ तुकडा चिकटवलेला असतो. वाजवता वाजवता वादक बोटाने त्यावर टकटक ठोके देतो. हे ठोके माइकशिवाय दहा फुटांवरून स्वच्छ ऐकू येतात आणि गिटार म्हणजे तालवाद्यही कशी आहे ते लक्षात येतं.

वादकाने गिटारीच्या मानेवर चिमट्यासारखी एक पट्टी आवळलेली दिसेल. तिला सेहिया म्हणतात. गायकाच्या गळ्याप्रमाणे ती वरखाली सरकवून गाण्याचा सूर ठरतो. दोन गाण्यांच्या मध्ये ती सरकली तर समजावं की गायकाचा गळा आता कुठे आहे याचा अंदाज वादकाने घेतला आहे. गाणं सुरू होतं ते बहुधा शब्दांनी नव्हे, 'आय' अशा लांब, घासलेल्या हाकेने. त्यातून गायक स्वर चाचपतो, गळा जागेवर आणतो. आवाज खरखरीत असणं हा इथे दोष नाही, उलट हेरेस हे जवळचं शहर आणि त्रिआना ही सेव्हिलचीच जुनी वस्ती, इथल्या घराण्यांत तोच नावाजला जातो. गोड गळ्याची अपेक्षा ठेवून बसलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं जड जातात. ती जाऊ द्यावीत.

तासाभराचा खेळ कसा उलगडतो याचा ठरलेला साचा नाही, पण एक ढोबळ वळण असतं. सुरुवात अनेकदा एकट्या गिटारीने किंवा मार्तिनेतेने होते. मार्तिनेते हा साथीशिवाय गायचा प्रकार, लोहारांच्या भट्ट्यांशी नातं सांगणारा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यावर कोणी नाचतही नसे. मग पहिला नाच, त्यानंतर नाचाविना गाणं, मग दुसरा नाच, आणि शेवटी सगळे मिळून बुलेरिया हा वेगवान प्रकार. मधलं नाचाविना होणारं गाणं हा पुष्कळांना विश्रांतीचा भाग वाटतो. खरं तर गायकाची पारख तिथेच होते, कारण तिथे त्याला आधार द्यायला पाय नसतात.

नाचाची बांधणी कळली तर पाहणं दुपटीने रंगतं. आलेग्रियास हा कादिस बंदराकडचा उजळ प्रकार घ्या. गायक 'तिरितित्रान' अशा अर्थहीन अक्षरांनी वाट मोकळी करतो. नाचणारी व्यक्ती पायांच्या ठसठशीत ठोक्यांनी 'यामादा' देते, म्हणजे गायकाला हाक: ये, आता गा. गायक कडवं गातो तेव्हा पाय जवळजवळ गप्प होतात. हात, मनगटं, कंबर आणि साधी पावलं एवढ्यावरच ते कडवं तोलून धरलं जातं. ओळ संपली की पायांचा छोटा तडाखा येतो, त्याला रेमाते म्हणतात. आलेग्रियासमध्ये पुढे गिटारीचा एक संथ, काहीसा उदास तुकडा येतो. त्यावर बहुतेक हातांचंच काम असतं. त्यानंतर येतो एस्कोबिया, निव्वळ पायांच्या कामाचा लांब भाग, हळू सुरू होऊन वेग घेत जाणारा, आणि शेवट कादिसच्या बुलेरियात.

यात वेग कोण ठरवतं? नाचणारी व्यक्ती. गिटारवादकाची नजर तासभर तिच्या पायांवर खिळलेली असते आणि गायकाचीही. अशा जागांमध्ये संच बदलत असल्याने पुष्कळदा तालीम नावापुरतीच झालेली असते. सगळ्यांना ठाऊक असलेल्या खाणाखुणांवर सारं चालतं. म्हणूनच काय बिघडू शकतं तेही दिसतं. यामादा स्पष्ट पडली नाही की गायक एक आवर्तन उशिरा उचलतो. गायकाची ओळ संपण्याआधीच पाय सुरू झाले की पाल्मास, म्हणजे टाळ्या, देणारे चटकन एकमेकांकडे पाहतात. एस्कोबिया गरजेपेक्षा लांबला की वेग वाढण्याऐवजी घाई होते. उत्तम संचात असा घोळ झाला तर दोन आवर्तनांत मिटतो, आणि तो मिटवणं पाहणं हा थेट खेळाचा मोठा आनंद आहे.

तालाबद्दल थोडं विस्ताराने, कारण आपल्या कानांची अडचण नेमकी इथे होते. सोलेआ हा प्रकार बारा मात्रांचा. बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो आणि कान पहिल्या मात्रेवर समेची वाट पाहू लागतो. इथे पहिल्या मात्रेवर काहीच घडत नाही. जोर असतो ३, ६, ८, १० आणि १२ वर, म्हणजे आधी तीन-तीनचे दोन गट आणि मग दोन-दोनचे तीन. गाण्याची किंवा नाचाची ओळ येऊन थांबते ती दहाव्या मात्रेवर. अकरा आणि बारा ही जणू मोकळी जागा. दहावर लक्ष ठेवलं की अचानक सगळं उलगडू लागतं: गिटारीचा शेवटचा फटकारा, टाचेचा ठोका आणि बाजूला बसलेल्यांचा 'ओले' तिथेच एकत्र येतात. बुलेरियात हाच सांगाडा फार वेगाने धावतो आणि मोजणी बऱ्याचदा १२ पासून सुरू करतात. सिगिरियात गट वेगळ्या क्रमाने पडतात, २-२-३-३-२, आणि पहिल्यांदा ऐकताना मोजणं जवळपास अशक्य वाटतं. तांगोस आणि तिएन्तोस चार मात्रांचे, त्यामुळे नवख्या कानाला तिथे लगेच पकड मिळते. अर्जेंटिनाच्या टँगो नाचाशी या तांगोसचा गोंधळ करू नये. मंचावर दोन्हींत साम्य काही नाही.

टाळ्यांना पाल्मास म्हणतात आणि ते वाद्य आहे. तळहात खोलगट करून दिलेली टाळी दबकी, घुमी येते. ती गाणं चालू असताना. तीन बोटं दुसऱ्या तळहातावर मारून निघणारी टाळी तीक्ष्ण. ती पायांच्या कामाला आणि शेवटाला. दोघे टाळ्या देत असतील तर एक मात्रेवर आणि दुसरा दोन मात्रांच्या मध्ये देतो. या विणकामात प्रेक्षकाची एक टाळीही घुसली तर ते विसकटतं. म्हणून चालू खेळात तालावर टाळ्या वाजवू नयेत, शेजाऱ्यांनी सुरू केल्या तरीही. 'ओले' म्हणायला हरकत नाही, पण तोही ओळ संपताना, दहाव्या मात्रेच्या आसपास. खात्री नसेल तर गप्प राहणं उत्तम. दाद द्यायची असेल तर ती तुकडा पूर्ण संपल्यावर भरभरून द्यावी. गिटारीचा संथ तुकडा सुरू झाला की नाच संपला असं वाटून टाळ्यांचा कडकडाट होतो, ही सगळ्यात नेहमीची चूक. दालन शांत असताना कलाकार जे करून जातात ते अशा कडकडाटानंतर करत नाहीत.

फोटो आणि चित्रीकरणाला कासा दे ला मेमोरियात खेळ चालू असताना मनाई आहे. शेवटी परवानगी मिळते. हा नियम काटेकोर आहे आणि अतिशय योग्य आहे. अंधाऱ्या लहान खोलीत फोनचा एक चमकता पडदा नाचणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो.

आता उणिवा. आसनांना क्रमांक नाहीत. आधी येईल त्याला पुढची जागा, त्यामुळे वेळेच्या निदान अर्धा तास आधी दारात उभं राहावं लागतं. जमिनीलगतच्या खुर्च्या जवळजवळ एकाच पातळीवर असल्याने तिसऱ्या रांगेपासून मागे पाय दिसणं पुढच्या माणसाच्या उंचीवर अवलंबून राहतं, आणि पाय न दिसता एस्कोबिया ऐकणं म्हणजे अर्धीच गोष्ट. पहिल्या दोन रांगा मिळत नसतील तर मागे बसण्यापेक्षा बाजूची रांग घ्यावी. तिथून नाच तिरका दिसतो, पण नाचणारा आणि गिटारवादक यांच्यातली नजरानजर समोरून दिसत नाही इतकी स्पष्ट दिसते. सज्ज्यावरून पावलांचे आकार आणि झग्याच्या घेराची वळणं छान दिसतात, आवाजही वर नीट पोचतो. चेहरे मात्र हरवतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी सज्जा टाळावा. खुर्च्या दाटीने मांडलेल्या असतात. तासाभराचा वेळही थोडा कमीच पडतो: चांगला संच रंगात येतो तोवर शेवटची बुलेरिया सुरू होते. दोन खेळांपैकी निवड करता आली तर नंतरचा घ्यावा, गळा तोवर तापलेला असतो. लहान मुलांना नेण्यावर बहुतेक जागांमध्ये वयाची अट असते. ती तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावी. माइकशिवायच्या खोलीत कंटाळलेलं मूल आणि त्याला गप्प करणारे पालक, दोघांचेही हाल होतात.

हे दालन ज्या परंपरेत येतं ती याच शहरातली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेव्हिलमध्ये 'काफे कान्तान्ते', म्हणजे गाण्याचे काफे, भरभराटीला आले. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती या गायकाने चालवलेला काफे त्यांतला सर्वांत नावाजलेला. तोवर घरात, लग्नात, दारूच्या गुत्त्यात गायलं जाणारं गाणं तिथे पगारी कलाकारांच्या हाती आलं, गिटारची साथ पक्की झाली आणि नाचाला उंच मंच मिळाला. १८८१ मध्ये आन्तोनिओ माचादो इ आल्वारेस या लोकविद्येच्या अभ्यासकाने या गीतांचा संग्रह छापला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काफे मावळले, कार्यक्रम नाट्यगृहांत आणि बैलझुंजींच्या रिंगणांत गेले. गाणं पातळ होत चाललंय या काळजीतून मानुएल दे फाया या संगीतकाराने आणि कवी लोर्काने इतरांसोबत १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात जुन्या गायकीची स्पर्धा भरवली. १९५० च्या दशकात माद्रिदमधून आजच्या पद्धतीचे ताब्लाओ, म्हणजे रोज फ्लेमेंकोचे खेळ लावणाऱ्या मंचाच्या जागा, सुरू झाले. १९५६ चा कोर्राल दे ला मोरेरिया त्यांतला आजही चालू असलेला. पर्यटकांच्या पैशावर ते जगले हे खरं, पण त्यांनीच कलाकारांना रोजचं काम दिलं. कामारोन दे ला इस्ला हा विसाव्या शतकातला सर्वांत प्रभावी गायक माद्रिदच्या अशाच एका ताब्लाओत वर्षानुवर्षं रोज रात्री गात होता. 'पर्यटकांसाठी आहे म्हणजे खोटं आहे' हे समीकरण म्हणूनच टिकत नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फ्लेमेंकोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मराठी प्रेक्षक हमखास विचारतो तो प्रश्न: हे कथकमधून आलं ना? अंदालुसिया या दक्षिण स्पेनच्या प्रांतातले हितानो, म्हणजे तिथले रोमा किंवा जिप्सी, यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, याला भाषेचा भक्कम पुरावा आहे. आयबेरियात त्यांची पहिली नोंद १४२५ ची, आरागोनच्या राजाने दिलेल्या प्रवास-परवान्याची. १४९९ पासून त्यांच्यावर जाचक फर्मानं निघत गेली आणि १७४९ मध्ये देशभर एकाच वेळी धरपकड झाली. फ्लेमेंकोवर त्यांचा ठसा निर्विवाद आहे, आणि त्रिआना, हेरेस, कादिस इथल्या हितानो घराण्यांशिवाय हे गाणं आज आहे तसं नसतं. पण कथकचं आजचं रूप लखनौ-जयपूरच्या दरबारांत घडलं ते ही मंडळी भारत सोडून गेल्यानंतर कित्येक शतकांनी. फ्लेमेंकोही अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे दक्षिण अंदालुसियात आकाराला आला, स्पॅनिश लोकगीतं, मुस्लिम राजवटीचा वारसा आणि अमेरिकेशी चालणाऱ्या जहाजवाहतुकीतून आलेल्या आफ्रिकी-कॅरिबियन लयी यांच्या मिश्रणातून. तत्कार आणि एस्कोबिया यांत दिसतं ते साम्य आहे, वंशावळ नाही. फरक पाहायचा तर वजन बघा. कथकात अनवाणी तळवा सपाट पडतो आणि घुंगरू नाद वाढवतात. इथे चवडा, टाच, पूर्ण पाऊल आणि बुटाचं टोक या चारांचे आवाज वेगवेगळे काढले जातात.

इतर जागांकडे वळू. सांता क्रूस चौकातला लोस गायोस १९६६ पासून चालू आहे आणि सेव्हिलचा सर्वांत जुना ताब्लाओ मानला जातो. संच मोठा, तिकिटात एक पेय, वातावरण जुन्या ताब्लाओचं. एकाच रात्रीत जास्त नाचणारे पाहायचे असतील तर हा पर्याय चांगला. नृत्यांगना क्रिस्तिना ओयोस यांनी २००६ मध्ये उभारलेलं फ्लेमेंको नृत्याचं संग्रहालय कॅथेड्रलच्या जवळ आहे. संग्रहालय आणि संध्याकाळचा खेळ यांचं एकत्र तिकीट मिळतं. नाचाचे प्रकार, पोशाख, जुनी चित्रफीत आधी पाहून मग खेळाला बसलं तर नवख्या माणसाला मोठा फायदा होतो. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी हीच जागा जास्त सोयीची. एल आरेनाल १९७५ चा, जेवणासह खेळ देणारा. ला कार्बोनेरिया ही जुनी कोळशाची वखार. प्रवेश फुकट, पेय घ्यायचं, लाकडी बाकांवर बसायचं. तिथे दर्जा रात्रीगणिक बदलतो आणि गर्दीचा आवाज असतो, त्यामुळे पहिली ओळख तिथे करून घेऊ नये. दुसऱ्या रात्री जरूर जावं.

जेवणासह तिकिटाबद्दल स्पष्ट सांगायचं तर सेव्हिलमध्ये त्याची गरज नाही. समोर ताट असताना पुढची पंचवीस मिनिटं काट्या-चमच्यांच्या आवाजात जातात आणि किंमत सहज दुप्पट-तिप्पट होते. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊनंतरच सुरू होतं, तेव्हा साडेसातचा खेळ पाहून बाहेर जेवणं हे वेळेच्या दृष्टीनेही बरोबर बसतं. शाकाहारी मंडळींनी पालक-छोल्यांची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' ही खास सेव्हिलची ताटली मागवावी, किंवा तळलेली वांगी, किंवा गास्पाचो हे पातळ गार सूप. साल्मोरेहो हे टोमॅटोचं घट्ट गार सूप वरून हॅम आणि अंडं भुरभुरवून येतं. ते नको असेल तर 'सिन हामोन, सिन उएवो' असं मागवतानाच सांगावं. जेवणासह तिकीट नको, या सल्ल्याला मोठा अपवाद माद्रिदचा कोर्राल दे ला मोरेरिया, जिथे स्वयंपाकघरही खेळाच्या तोडीचं मानतात आणि त्याला मिशेलिनचा तारा आहे. खर्चही अर्थात त्याच पातळीचा.

युरोपच्या सहलीत बार्सिलोनात 'फ्लेमेंको शो' दाखवतात, त्याबद्दलही चार शब्द. बार्सिलोनाला फ्लेमेंकोचा इतिहास आहे. कार्मेन आमाया ही थोर नृत्यांगना तिथल्याच समुद्रकाठच्या झोपडवस्तीत वाढली. पण गटाने भरलेल्या सभागृहात काय मिळेल याची हमी नाही. आधीच ओळखायच्या काही खुणा सांगता येतात. जाहिरातीत गायकाचं आणि गिटारवादकाचं नाव आहे का, की फक्त 'नर्तकी' आणि 'संग्रिया'? चित्रात सगळ्या नर्तकी एकाच रंगाच्या झग्यात एकाच मुद्रेत आहेत का? एकसारख्या हालचालींचा समूहनाच इथे अपवाद असतो. पूर्ण खेळभर कास्तानेत, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी टिपऱ्यावजा वाट्या, वाजतात का? त्या मुख्यतः वेगळ्या, शाळेतून शिकवल्या जाणाऱ्या स्पॅनिश नृत्यपद्धतीच्या आणि सेव्हियानास नाचाच्या. ताब्लाओत सिगिरियासारख्या एखाद्या प्रकारात येतात, एरवी हात मोकळे असतात. काहोन म्हणजे बसून वाजवायची लाकडी पेटी दिसली तर दचकू नये. पाको दे लुसिया याने ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेरूहून आणली आणि आता ती रुळली आहे. लहान खोलीत मात्र ती पाल्मासवर कुरघोडी करते, तेव्हा तिच्याविना खेळ मिळाला तर उत्तम.

सेव्हिलमध्ये तीन रात्री हातात असतील तर एक हेरेसला द्यावी. रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. सान्तिआगो आणि सान मिगेल या तिथल्या दोन जुन्या वस्त्यांनी बुलेरियाचे कितीतरी गायक दिले. ताबान्को एल पासाहे ही १९२५ पासूनची, शेरी या तिथल्या वाइनची गुत्तावजा जागा. पिंपातून शेरी, उभ्याने ऐकणं आणि जवळून गाणं. शेवटची परतीची गाडी आधी बघून ठेवावी, नाहीतर खेळ अर्धवट सोडावा लागतो. ग्रानादाच्या साक्रोमोंते टेकडीवरच्या गुहांमध्ये 'साम्ब्रा' होते, हितानो लग्नविधीतल्या नाचांची मालिका. गुहा अरुंद, प्रेक्षक दोन्ही भिंतींना पाठ लावून एकाच रांगेत, आणि नाच अक्षरशः गुडघ्यांसमोरून जातो. हॉटेलातून ने-आण आणि एक पेय धरून विकलं जाणारं पॅकेज घेण्याआधी आपण नेमक्या कोणत्या गुहेत जाणार ते विचारावं. ग्रानादातच आल्बाइसिन भागात ला प्लातेरिया ही १९४९ ची पेन्या आहे, म्हणजे रसिकांनी चालवलेलं मंडळ. पेन्यांमध्ये श्रोते जाणकार असतात, सुरुवात उशिरा होते, गाण्याच्या वेळी कुजबुजही खपत नाही. बाहेरच्यांना प्रवेश कोणत्या दिवशी आहे ते आधी चौकशी करून जावं.

महिन्याची निवड करता येत असेल तर सम वर्षांच्या सप्टेंबरमध्ये सेव्हिलला बिएनाल हा दर दोन वर्षांनी होणारा फ्लेमेंको महोत्सव असतो, १९८० पासून. हेरेसचा महोत्सव फेब्रुवारी-मार्चमध्ये. तो नाचासाठी विशेष. या दिवसांत मोठे कलाकार नाट्यगृहांत असतात आणि लहान जागांमध्येही कलाकार व श्रोते दोन्ही कसलेले मिळतात, पण हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचं तापमान चाळिशी गाठतं. दुपारी भटकून थकलेल्या अंगाने खेळाला बसलं की डोळे मिटतात. त्या महिन्यांत उशिराचाच खेळ घ्यावा. कासा दे ला मेमोरिया आणि तिच्यासारख्या लहान जागांचं तिकीट सर्वसाधारणपणे वीस ते तीस युरोंच्या दरम्यान असतं. ते थेट त्या जागेच्या संकेतस्थळावरून किंवा दुपारी खिडकीवर काढावं, मध्यस्थाकडून नको. एप्रिलच्या जत्रेत आणि ईस्टरच्या आठवड्यात मात्र दोन-तीन दिवस आधी काढलेलं बरं. तिकीट काढताना त्या दिवशीचा गायक कोण ते विचारून नाव टिपून घ्यावं, म्हणजे हॉटेलवर परतल्यावर त्याचं गाणं शोधून सवडीने ऐकता येतं.